फिल्टरांत काय भरलें आहे?

कुणाकडे गेलं की माणूस दिलेलं पाणी पितो. आमचे आनंदराव मामा आधी त्याची चौकशी करतात. पेला उजेडात धरतात, नाकाशी नेतात आणि यजमानांना विचारतात, "फिल्टरांत काय भरलें आहे?" यजमानांना कंपनी ठाऊक असते, आतलं काही ठाऊक नसतं. मग पेला तसाच खाली. "पाणी सभ्य दिसतें रे, पण चौकशी केलेली बरी." एग्मोरला माझ्यासाठी मुलगी बघायला जाताना वडीलधारे म्हणून मी यांनाच नेलं. मुलीला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. फिल्टर मात्र उघडायला लावला. त्या स्थळाकडून पुन्हा निरोप आला नाही.

मी मूळचा नाशिकचा, नोकरी तमिळ मुलखात, पेरुंगुडीला, भाड्याचं घर वेस्ट मांबलमला. समोरच्या दारात मामा-मामी, नात्याने नव्हे, शेजाराने. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं, त्यामुळे मराठी जुन्या वळणाची आणि मधेमधे तमिळ. मामांची सगळी नोकरी रेल्वेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासण्यात गेली. आमच्या बोअरचं पाणी बादलीला तांबूस कडा आणतं, म्हणजे निवृत्तीनंतरही त्यांच्यामागचं काम सुटलं नाही.

त्यांच्या बाल्कनीत प्लास्टिकच्या उभ्या नळ्या बांधलेल्या. एकीत वाळू, एकीत करवंटीचा कोळसा, एकीत मँगनीज चढवलेली काळी वाळू, एकीत क्षार ओढून घेणारे रेझिनचे मणी. मी ऑफिसला पळताना मामा जिन्यात गाठणार. "वाळू गाळ अडवते, विरघळलेलें लोखंड नाही. कोळसा वास घेतो. लोखंडाला काळी वाळूच पाहिजे. आणि शिसें असलें तर?" शिशाचं ऐकलं की दिवसभर मी ऑफिसातलं पाणीसुद्धा चोरट्यासारखा पीत असे.

मग मामींचं औषध बदललं आणि त्यांना पाणी लोखंडासारखं लागायला लागलं. त्या पिईनातच. एकदा चक्कर येऊन पडल्या, दोन दिवस सलाइनवर काढले. डॉक्टरांनी बजावलं, पाणी पोटात गेलं नाही तर मूत्रपिंडांचं काही खरं नाही. तेव्हापासून मामांचा चेहराच उतरला. बाल्कनीत नळ्या वाढल्या, जिन्यातली व्याख्यानं बंद झाली. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. बायको आजारी आणि हे नळ्या धूत बसलेत! खरं सांगायचं तर मला रागच आला होता.

रविवारी त्यांनी मला गाळलेल्या पाण्याच्या कॅनचं घट्ट झाकण उघडायला बोलावलं. ओट्यावर सहा स्टीलचे पेले, प्रत्येकाखाली चिठ्ठी: वाळू, कोळसा, काळी वाळू, रेझिन, आणखी दोन मिश्रणं. मामा त्या एकाच कॅनमधून सहाही पेले भरू लागले.

"मामा, चुकताय. हे सगळं एकच पाणी आहे."

त्यांनी घाईने स्वयंपाकघराचं दार लोटलं. "अय्यो, हळू बोल! पाण्यांत लोखंड नाहीच रे. केव्हांच गेलें. तें त्या औषधानें तिच्या तोंडांत आहे. तें कोणत्या वाळूनें गाळूं?"

"मग हे पेले?"

"पाणी पी म्हटलें तर पीत नाही. पण ती शाळेंत टीचर होती. मार्क दे म्हटलें की नाही म्हणवत नाही तिला. सहा पेले, दहापैकी मार्क. सकाळीं सहा, संध्याकाळीं सहा." मामा ओट्याला टेकले. "पण रोज तींच नांवें. काल म्हणाली, हे सगळे नापास, आतां पुरे. मला दुसरें नांव सुचेना. तूं शिकलेला आहेस. सांग कांहीं."

मला गावची नदी आठवली. म्हणालो, "गोदावरीची वाळू."

"सेरी, सेरी! चालेल!" मामांनी लगेच चिठ्ठी लिहून सहाव्या पेल्याखाली सरकवली.

मामी पलंगावर बसल्या होत्या, ओठ सुकलेले. पाच पेल्यांना त्यांनी नुसते ओठ लावले आणि शून्य दिलं. सहाव्याची चिठ्ठी वाचून माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या गांवची?" मी मान हलवली. त्या एकेक घोट घेत राहिल्या आणि आम्ही दोघं श्वास रोखून त्यांचा गळा बघत राहिलो. पेला रिकामा झाला.

"लोखंड आहेच," त्या म्हणाल्या, आणि पेला पुढे केला. "अजून एक पेला दे. मार्क घाईनें देऊं नयेत."

मामांनी त्याच पाण्याचा तांब्या उचलला. "वाळू तुझ्या गांवची, तूंच ओत," म्हणत तो माझ्या हातात दिला, आणि मी ओतलं.