लेंडीओढ्या भुंग्याचे संरक्षण

वाळवंटातल्या कुइसेब नदीच्या कोरड्या पात्रालगत राहणाऱ्या लेंडीओढ्या भुंग्याला सरकारने संरक्षित प्राणी जाहीर केले. भुंगा नखाएवढा, त्याला उडता येत नाही. शेळीची वाळलेली लेंडी मागच्या पायांत धरून तो सरळ पुढे चालत जातो आणि वाळूत पुरतो.

शेळ्या लेना दाउसाबच्या होत्या. पंधरा दिवसांत राजधानीतून संरक्षण अधिकारी अमुकोटो आले. त्यांना भुंग्याच्या संरक्षित क्षेत्रात एकेचाळीस शेळ्या व असंख्य लेंड्या आढळल्या. दोहोंची नोंद ‘बाह्य उपद्रव’ अशी झाली आणि लेनाला महिन्याभरात नदीपलीकडे जाण्यास सांगण्यात आले.

“अरे बाळा, तो लेंड्याच खातो,” लेना म्हणाली. “तुला काय वाटलं, वाळू खातो?”

“आजी, आहाराचा अभ्यास पुढच्या टप्प्यात आहे.”

शेळ्या गेल्या. भुंगे तीनशे बारावरून नऊवर आले. शेळ्या हलवण्यास उशीर झाला, असा निष्कर्ष अहवालाने काढला.

बाकीचे भुंगे लेंड्यांच्या मागोमाग चालत पलीकडे पोचले होते. तेव्हा पलीकडचा काठही संरक्षित झाला. लेना आणखी वर, शेवटच्या विहिरीपाशी सरकली. त्यापुढे नुसत्या वाळूच्या टेकड्या. तिथे शेळी जगत नाही. भुंगा माझ्याच मागे येतो तर मलाच संरक्षण द्या, असा अर्ज तिने केला. अमुकोटोंनी तो सहानुभूतीने वाचला आणि ‘म्हातारी’ हा प्रकार यादीत नसल्याचे कळवले.

आता लेना रोज सकाळी गोठ्यापासून विहिरीपर्यंत झाडते आणि एकूणएक लेंडी चुलीत घालते.

“काय गं, लग्न काढलंयस का घरात?” तिची जाऊ योहाना विचारते.

“गप बस. एक भुंगा दिसला की विहीर गेली.”

जन्मात तिने एक भुंगा मारला नव्हता. या वर्षी ती सगळे उपाशी मारत आहे. ताज्या गणनेत आकडा शून्य आला.

जगभर हळहळ झाली. भुंगा विहिरीपाशी असूही शकेल, म्हणून तीही जागा रिकामी करावी, अशा विनंतीपत्रावर चाळीस हजार सह्या झाल्या. काल आदेश लेनाच्या हाती पडला. सोबत सह्यांची यादी जोडली आहे. त्यात, वाचकहो, आपलेही नाव आहे. चहा निवत होता, म्हणून सही करताना आपण विनंतीपत्र पहिल्या ओळीपुढे वाचले नव्हते.