दुसरा तो फरदड

तुळशीरामभाऊ कुणाच्याही घरी चहाचा दुसरा कप घेत नाहीत. फारच आग्रह केला, तर कपावर पालथा तळहात ठेवतात आणि म्हणतात, "दुसरा तो फरदड." नव्या माणसाला ही एखादी शिवी वाटते. आमच्या नांदुऱ्यात तिचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कपाशीचे वेचे आटोपले की शहाणा माणूस पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटतो. ज्याला हाव सुटते, तो तिलाच पाणी देऊन पुन्हा कापूस घेऊ बघतो. तो उशिराचा कापूस म्हणजे फरदड. धागा आखूड, बोंडात अळी. बीटी बियाणं आल्यापासून लोकांना फरदडीचा सोस फार झाला, आणि भाऊंना तिचा राग.

भाऊ कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवतात. चिमूटभर कापूस दोन्ही हातांत धरायचा, ओढायचा, धागा डोळ्यांजवळ न्यायचा आणि निकाल द्यायचा. एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण भाऊ हवेतला कापूस ओढून जगातल्या कुठल्याही गोष्टीची प्रत ठरवतात. लग्नातली बुंदी, नवा पुढारी, कीर्तनकाराचा आवाज, काही सुटत नाही. माझ्या मुलीचं गाणं ऐकून त्यांनी चिमूट ओढली आणि म्हणाले, "धागा आखूड हाये, पन कचरा नाही." मुलीने त्या दिवशी पेटी बंद केली ती केलीच. शेजारी अजून भाऊंना दुवा देतात.

पण त्यांचा खरा दरारा सिनेमात. माझं सुई-दोरा-बटणांचं दुकान टॉकीजच्या अगदी समोर. त्या वर्षांत कापसाने लोकांना पार पिळून काढलं होतं. सिनेमा बघायचा तर एखादाच, आणि तो वाया जाता कामा नये. म्हणून शुक्रवारी पहिला शो सुटायच्या वेळी माणसं पायरीशी उभी राहायची. भाऊ बाहेर यायचे, चिमूट ओढायचे, आणि त्यावर पुढचा आठवडा ठरायचा. टॉकीजचे मालक शफीभाई त्या वेळी तस्बीचे मणी ओढत आत बसून राहायचे.

'पिशाचमार' आला तेव्हा भाऊंनी चिमूट ओढली आणि धागा दोनदा डोळ्यांजवळ नेला. काळा कोट घातलेला एक विलायती वीर चांदीच्या तलवारीने रक्तपिपासू पिशाचं कापतो आणि हिंदीत बोलतो, असा तो सिनेमा. शेवटी पिशाचं त्याची बायको मारतात. भाऊ म्हणाले, "एक नंबर. बायको गेली तवा त्यानं तलवार खाली ठेवली. तितं धागा समजते." गाव लोटलं. शफीभाईंनी छपराचे पत्रे बदलून घेतले.

मग दुसरा भाग येणार अशी पोस्टरं लागली. आता भाऊ काय म्हणणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. शफीभाई सिनेमा यायच्या आधीच खचले होते.

त्याच दिवसांत भाऊंच्या घरी एक गोष्ट अडली होती. त्यांची एकुलती लेक शोभा माहेरी परत आलेली. जावई कपाशीवर फवारणी करताना औषध अंगात भिनून गेला होता. भाऊंची बायको त्याआधीच गेलेली, त्यामुळे घरात बापलेकच. शोभा ब्लाउज शिवते, दोरा-अस्तर माझ्याच दुकानातून नेते. तिला जानेफळचं स्थळ आलं. मुलगा एसटीत कंडक्टर, बायको वारलेली, पदरी लहान मुलगी. माणूस शांत, शोभालाही आवडलेला दिसला. भाऊंना तर आकाश ठेंगणं झालं. आणि शोभाने नाही म्हणून सांगितलं.

खरं कारण तिने फक्त माझ्या बायकोला सांगितलं. "काकू, बाबा साऱ्या गावाले सांगतात, दुसरा तो फरदड. मंग मी कोनाच्या घरी फरदड म्हनून जाऊ?"

माझ्या बायकोच्या पोटात काही राहत नाही, आणि या वेळी राहिलं नाही ते बरंच झालं. तिने भाऊंना गाठून सांगितलं. भाऊ ऐकत होते तेव्हा त्यांच्या चिमटी आपोआप जुळल्या होत्या. त्या त्यांनी हळूच सोडल्या आणि हात खिशात घातले. लेकीशी समोरासमोर अशा गोष्टी बोलायची आमच्याकडे बापांना सवय नसते. जाताना एवढंच म्हणाले, "वैनी, शुक्रवारी पयला शो सुटते तवा शोभीले दुकानात बसवून ठेवजा."

शुक्रवारी सिनेमा सुटला आणि लोक शिव्या देतच बाहेर आले. शहरातल्या समीक्षकांनी आधीच पेपरात त्याची साल काढली होती. पिशाचं उगाच वाढवलेली, मारामारी लांबवलेली, आणि वीराचा आवाज मध्येच बदललेला. भाऊ सर्वांत शेवटी आले. पायरीवर उभे राहिले. समोर माझ्या दुकानात शोभा खाली मान घालून दोऱ्याच्या रिळांचे रंग जुळवत होती. भाऊंनी चिमूट ओढली.

"धागा लांब हाये," ते म्हणाले.

शिव्या देणारे लोक मागे वळून बघू लागले. शेवटी शफीभाईच बाहेर आले. सिनेमा त्यांचा, गल्ला त्यांचा, तरी त्यांनी काळजीने भाऊंच्या कपाळाला हात लावून पाहिला. "भाऊ, तब्येत बरी हाये ना?"

"बरी हाये," भाऊ म्हणाले. आवाज जरा मोठा काढला, रस्त्यापलीकडे पोचेल असा. "त्या पिशाचाईचं सोडा. मधात एक बाई त्याले ताट वाढते, अन् तो कोट काढून जेवाले बसते. तुमी तितं शिट्ट्या मारल्या. पयल्या भागात तो माणूस नुसता लढून राह्यला होता, त्याले घर कुठं होतं? मी आजलोक फरदड फरदड करत राह्यलो. चुकलो. दुसऱ्या बोंडातूनबी कापूसच निंगते ना बे."

जिनिंगमधला त्यांचा एक सोबती हसून म्हणाला, भाऊ, हे उद्या शेतकऱ्यांसमोर बोलू नका, तुमची नोकरी जाईल. भाऊ हसले नाहीत. ते दुकानाकडे बघत होते.

शोभाने मान वर केली नाही. हातातला पांढरा रीळ मात्र तिने खोक्यात परत ठेवला आणि माझ्या बायकोला म्हणाली, "काकू, हिरवा दाखवा." मी उगाच बटणांचे डबे पुसत बसलो.

त्या सिनेमाला बिचाऱ्या गावाने भाऊंच्या शब्दावर गर्दी केली आणि आठवडाभर भाऊंना शिव्या दिल्या. त्यांच्या पारखीवरचा विश्वास उडाला तो उडालाच. आता शुक्रवारी पायरीशी कुणी उभं राहत नाही. भाऊंना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

लग्न साधंच झालं. हिरवा शालू नेसलेली शोभा नवऱ्याबरोबर आणि त्या लहान मुलीबरोबर जानेफळला जायला खामगावच्या गाडीत बसली. भाऊंनी गाडी वळेपर्यंत हात हलवला. मग स्टँडवरून घरी न जाता सरळ आमच्याकडे आले आणि खुर्चीत बसले. बायकोने चहा केला. भाऊंनी तो सावकाश संपवला, तरी उठले नाहीत.

रिकामा कप त्यांनी हातातच धरून ठेवला होता. थोड्या वेळाने तो पुढे केला आणि म्हणाले, "वैनी, अजून असन तं द्या. घरी जाऊन काय करू?"