नेटचं माप

कमी वजनाचा माल माझ्या नजरेतून आजवर सुटलेला नाही. मी वजनमापांचा निरीक्षक आहे. पारड्याखाली चिकटवलेला लोहचुंबक मला दुकानाच्या दारातून कळतो. मापाला आतून पोचा पाडलेला असेल तर नुसती टिचकी मारून सांगतो. मी बाजारात शिरलो की दुकानदार आपोआप मूठभर जास्त घालायला लागतात, असं आमचे साहेब म्हणतात. एकदाच म्हणाले, पण म्हणाले. त्यामुळे घरचं नेट अडखळायला लागलं तेव्हा मी बायकोला छातीवर हात ठेवून सांगितलं, "तू निर्धास्त राहा. शनिवारच्या आत तुला पूर्ण मापाचं नेट देतो."

शनिवारी तिची मुलाखत होती. कपडे धुण्याची मशिनं बनवणाऱ्या एका कंपनीला, घरी बसून ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारी माणसं हवी होती. लेकीच्या जन्मानंतर बायकोने नोकरी सोडली ती सोडलीच. लेक कॉलेजात गेल्यापासून ती अधूनमधून अर्ज टाकायची, आणि "मधली इतकी वर्षं काय केलंत?" या प्रश्नाशी गाडी अडायची. या कंपनीने निदान मुलाखतीला बोलावलं होतं. मात्र घरचं नेट दणकट हवं, आणि ते मुलाखतीतच बघणार, अशी अट होती. चित्र अडकलं, आवाज तुटला, तर पुढचं बोलणंच नाही. आणि आमच्याकडे तर संध्याकाळी ती बहिणीशी व्हिडिओवर बोलायला बसली की बहिणीचा जबडा अर्ध्या शब्दावर उघडाच राहायचा. गेले काही दिवस तिने या मुलाखतीसाठी निळी साडी इस्त्री करून कपाटाच्या दाराला अडकवली होती. येता-जाता ती त्या साडीकडे बघायची. ते मला दिसत होतं.

तर मी कामाला लागलो.

माझा शिरस्ता असा की आधी मोजायचं, मग बोलायचं. फोनवर वेग मोजण्याची सोय असते, बटण दाबलं की काटा फिरतो आणि आकडा येतो. काटा पाहिल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मी बैठकीच्या खोलीत मोजलं, स्वयंपाकघरात मोजलं, पलंगावर उभा राहून मोजलं, न्हाणीघरात कडी लावून मोजलं. जिथे मोजलं तिथे फरशीवर खडूने गोल काढून आत आकडा लिहिला आणि पुरावा म्हणून त्याचा फोटो काढला. पण त्याच गोलात उभं राहून पुन्हा मोजलं की आकडा वेगळा! दर वेळी नवीन वजन दाखवणारा काटा बाजारात असता तर मी जागच्या जागी जप्त केला असता. आई माझ्यामागून ओला पोछा घेऊन फिरत होती. घरात खडूचे गोल चालणार नाहीत, आकडे हवे असतील तर भिंतीवर कॅलेंडर आहे, एवढंच तिचं म्हणणं होतं.

पैसे पूर्ण वेगाचे आणि मिळतो त्याचा पाचवा हिस्सा! हे सरळसरळ मापात मारणं होतं. मी नेट कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन लावला. एका मुलीने अगदी गोड आवाजात माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि विचारलं, घरात आत्ता आणखी काय काय चालू आहे? मी तिला सांगितलं की प्रश्न मी विचारणार, कारण मी निरीक्षक आहे. तिने राउटर एकदा बंद करून चालू करायला सुचवलं. मी म्हणालो, दुकानदारही असंच म्हणतो, साहेब, काटा जरा हलवून बघा. माझा आवाज चढला. तिचा नाही चढला, त्यामुळे माझा आणखी चढला. शेवटी तिने तक्रार नोंदवून घेतली आणि मी फोन आपटला.

बायको दारात उभी होती.

"ती मुलगी कोण होती?"

"तक्रारवाली. त्यांना असंच फैलावर घ्यावं लागतं."

"मी याच नोकरीसाठी अर्ज केलाय," ती म्हणाली आणि आत गेली.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण वाईट वाटून नेट वाढत नाही, म्हणून मी राउटरकडे वळलो.

राउटर चपलांच्या कपाटात, आईच्या विणलेल्या रुमालाखाली राहत होता. घोडं इथेच पेंड खातंय, असं मी जाहीर केलं. रुमाल काढला. राउटर कपाटावर ठेवला, खिडकीत ठेवला, धान्याच्या डब्यावर ठेवला. प्रत्येक जागी माझ्या जुन्या-नव्या दोन्ही फोनांवर आणि लेकीच्या लॅपटॉपवर एकाच वेळी मोजलं, म्हणजे एका काट्याने खोटं बोलायला नको. शिवाय प्रत्येक जागेची छोटी चित्रफीत काढली, कारण कंपनी उद्या म्हणेल की ग्राहकाने राउटर नीट ठेवलाच नव्हता. शेवटी तो बोळात, छताच्या आकड्याला सुतळीने टांगला. सगळ्या खोल्यांना समान अंतर! आईच्या डोक्याला तो दोनदा लागला, पण घरात एक नवीन वस्तू आली की थोडी सवय करून घ्यावी लागते.

एवढं करून आकडे काय म्हणत होते? बुधवारपेक्षा गुरुवारी कमी, आणि गुरुवारपेक्षा शुक्रवारी कमी.

शुक्रवारी जेवताना लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही ऑफिसला गेलात की छान चालतं."

माझा घास हातातच राहिला. मी ऑफिसला गेलो की चालतं, घरी आलो की अडतं! याचा एकच अर्थ होता. निरीक्षक घरी कधी असतो ते नेट कंपनीला कळत होतं. लेकीला आणखी काहीतरी सांगायचं होतं, पण मी तिला हातानेच थांबवलं. अशा गोष्टी शांतपणे विचार करून हाताळाव्या लागतात.

शनिवार उजाडला. कंपनीला सुगावा लागू नये म्हणून मी सकाळपासून घरात दबक्या पावलांनी वावरत होतो. आईचा टीव्हीचा रिमोट ताब्यात घेतला. लेकीचा फोन बंद करायला लावला, तेव्हा ती लॅपटॉप माझ्यापाशी ठेवून मैत्रिणीकडे निघून गेली. बायको निळी साडी नेसून आली, कानात इअरफोन घातले, आणि झोपायच्या खोलीत शिरण्याआधी माझ्यासमोर उभी राहिली.

"माझं होईपर्यंत राउटरला हात लावायचा नाही. बोळात यायचंही नाही. स्वयंपाकघरात बसा."

मी शब्द दिला आणि तो पाळलाही. राउटरला हात लावला नाही. फक्त तिने दार लावायच्या आत जुना फोन बोळातल्या फळीवर उभा करून त्याचा कॅमेरा राउटरच्या दिव्यांवर लावला, त्यावरून माझ्या नव्या फोनला व्हिडिओ कॉल केला, आणि स्वयंपाकघरात बसून दिव्यांवर डोळा ठेवला. शब्दही पाळला आणि पहाराही झाला. शेजारी लेकीच्या लॅपटॉपवर वेग मोजणं चालू ठेवलं, म्हणजे कंपनीने ऐन वेळी दगा दिला तर पुरावा तयार असावा.

आई माझ्या बाजूला येऊन बसली. तिची मालिका बंद होती, म्हणून तीही राउटर बघायला लागली. हिरवा दिवा लुकलुकत होता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, यात काही घडत नाही, पण जाहिराती नाहीत ते बरं आहे.

आतून बायकोचा आवाज येत होता. आधी ठाम, सावकाश. मग, "हो, ऐकू येतंय." मग, "आता ऐकू येतंय का?" मग नुसतंच, "हॅलो? हॅलो?" त्या दुसऱ्या हॅलोतला तिचा आवाज मी आमच्या लग्नाआधी एकदा ऐकला होता. तिच्या वडिलांनी मला नापसंत केलं होतं तेव्हा.

मी फोनकडे पाहिलं. हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला होता!

दिवा थांबला म्हणजे राउटर थिजला. राउटर थिजला म्हणजे बायकोची नोकरी गेली. आता शब्द बघत बसायची वेळ नव्हती. आई "अरे" म्हणेपर्यंत मी स्टूल उचलून बोळात पोचलो होतो, वर चढलो, आणि राउटर बंद करून चालू करण्यासाठी त्याच्या पाठीमागे चाचपू लागलो. बटण सापडेना. सुतळीने पीळ घेतला, राउटर गरागरा फिरायला लागला, मी त्याला एका हाताने धरलं आणि दुसऱ्या हाताने पडद्याची दांडी धरली.

तेवढ्यात खोलीचं दार उघडलं. बायको उघडा लॅपटॉप हातात घेऊन बाहेर आली. लॅपटॉपचं तोंड माझ्याकडे होतं.

आता काय ऐकावं लागणार याची मला कल्पना होती. मी मान खाली घातली. स्टुलावर उभं राहून ती फार खाली जात नाही.

"सर," बायको म्हणाली. ती मला सर म्हणाली! "घाबरू नका. आधी दोन्ही हात मोकळे करा आणि खाली या."

मी खाली आलो.

"बिघाड नेमका काय वाटतोय तुम्हाला?"

"राउटर थिजलाय," मी म्हणालो. "दिवा लुकलुकत नाहीये."

तिने वर पाहिलं. मीही पाहिलं. दिवा मजेत लुकलुकत होता.

"दिवा तुम्ही कुठून बघत होतात, सर?"

मी फळीवरच्या फोनकडे बोट केलं. तिच्या नाकपुड्या फुगल्या, त्या मला ओळखीच्या आहेत, पण आवाज तसाच राहिला, पाण्यासारखा.

"म्हणजे हा फोन राउटरचं चित्र राउटरमधूनच तुम्हाला पाठवतोय. तो बंद करूया का? छान. आणखी काही चालू आहे?"

"नाही."

"लॅपटॉपवर काटा फिरतोय," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "आणि इथलं चित्र मघाशीच थांबलं. मला वाटलं संपलं."

"धन्यवाद," बायको म्हणाली. "तेही बंद करूया, सर. आता तुमचा नवा फोन दाखवता का? वरच्या कोपऱ्यात हा बाण कसला आहे?"

तो बाण माझ्या फोटोंचा होता. दिवसभरात बाजारात मी प्रत्येक तराजूचा, प्रत्येक शिक्क्याचा फोटो काढतो, आणि फोन घरच्या नेटवर आला की ते सगळे आपोआप इंटरनेटवर चढवून ठेवायला लागतो. ही सोय मीच लावून घेतली होती. तिला बहिणीचं तोंड उघडं दिसायचं ते रोज मी घरी आल्यावर. त्यात या आठवड्यात खडूचे गोल आणि राउटरच्या चित्रफिती यांची भर पडली होती. कंपनी नेट चोरते याचा पुरावा वर चढवण्यात आमचं नेट खर्ची पडत होतं.

हे सगळं मला तिथे, बोळात, एकदम कळलं. लेक शुक्रवारी काय सांगणार होती तेही कळलं. मी मुकाट्याने फोन बंद केला.

बायकोच्या लॅपटॉपवर चित्र लख्ख झालं. चष्मा लावलेल्या एक बाई आणि त्यांच्या शेजारी एक गृहस्थ दोघंही माझ्याकडे बघत होते. बाईंनी काहीतरी विचारलं. आवाज इअरफोनमध्ये असल्यामुळे मला ऐकू आला नाही, फक्त बायकोची उत्तरं ऐकू आली.

"नाही मॅडम, यांना ठरवून नव्हतं आणलेलं. घरचेच आहेत."

मग आणखी काहीतरी विचारलं गेलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, अजून हलकेच फिरणाऱ्या राउटरकडे पाहिलं.

"हो, आहे ना अनुभव," ती म्हणाली. "मधली सगळी वर्षं हेच केलं."

लॅपटॉपवरचे गृहस्थ खुर्चीत मागे रेलून हसताना दिसले. चित्र एकदाही अडकलं नाही.

तिला नोकरी मिळाली. त्या दिवशीच कळवलं त्यांनी. आईने आनंदाने राउटर सुतळीवरून उतरवून रुमालासकट चपलांच्या कपाटात नेऊन ठेवला, आणि तो तिथे उत्तम चालतो. बायकोला कंपनीने पुढे असंही विचारलं की तो बोळातला प्रसंग मुलाखतीबरोबर आपोआप साठवला गेला आहे, तर नवीन मुलामुलींना शिकवताना दाखवला तर चालेल का. ती माझी परवानगी घ्यायला आली होती, पण त्यांना आधीच 'हो' म्हणून आली होती.

एक काम मात्र राहिलं होतं. नेट कंपनीकडे माझी तक्रार अजून उघडी होती. कामावर रुजू झाल्यावर पहिल्याच सोमवारी बायको हेडफोन लावून, दार अर्धवट उघडं ठेवून कामाला बसली होती. कुणीतरी तिच्यावर ओरडत असावं, कारण ती फार गोड बोलत होती. मी थोडा वेळ ते ऐकत उभा राहिलो आणि मग तक्रार क्रमांक फिरवला.

नशीब असं की तीच मुलगी. माझा आवाज तिने लगेच ओळखला असणार, कारण ती पटकन म्हणाली, "बोला, निरीक्षक साहेब."

मी आधी त्या दिवशीच्या ओरडण्याबद्दल माफी मागितली. तिने दोनदा विचारलं, "काय म्हणालात?" बहुधा हा प्रकार त्यांना शिकवत नसावेत. मग मी म्हणालो की नेट आता पूर्ण मापाचं येतंय, तक्रार बंद करून टाका.

"करते सर. फक्त बिघाडाचं कारण नोंदवावं लागतं. काय लिहू?"

मी आजवर शेकडो दुकानदारांकडून कारणं लिहून घेतली आहेत. स्वतःचं सांगायची वेळ पहिलीच. आतून बायकोचा आवाज थांबला होता. ती ऐकत होती.

"लिहा," मी म्हणालो, "ग्राहक घरी होता."

पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. तिला जराही नवल वाटलं नाही.

"झालं, सर," ती म्हणाली. "त्यासाठी आमच्याकडे वेगळा रकानाच आहे."