हलणारं नको!

सांगून ठेवतो, मी एकदा ठरवलं की ठरवलं! मागची खोली माझी. तिथे सुतारकामाचं टेबल येणार आणि त्यावर मी नातीला रंधा मारायला शिकवणार!

"रविवारी चारपर्यंत एक स्टूल न डुगडुगता उभं करून दाखवा," आमची ही म्हणाली. "नाहीतर त्या खोलीत माझं शिलाई मशीन!"

"झालंच समज!"

जावयाने मध्येच तोंड घातलं. "बाबा, रंधा कशाला, सरळ विजेच्या मशीनवर लाकूडकाम करा. हलकं, चाकांचं टेबल घ्या. भुसा झाला की अंगणात ढकलायचं."

मी शांतपणे समजावलं. बत्तीस वर्षं पोरांना शिकवलंय, जावई म्हणजे काय! "यंत्र आपलं आपण फिरतं. रंधा आपल्याला ढकलावा लागतो. मग टेबल कसं हवं? हत्तीसारखं! जागचं न हलणारं!"

"हत्ती हलतो, आजोबा," नात म्हणाली.

मी सुताराला फोन लावला. पलीकडे त्याची यंत्राची करवत केकाटत होती. मी ओरडलो, "वजनदार हवं! आणि हलणारं नको!"

"समजलं, काका!"

शनिवारी सकाळी टेबल आलं. चार माणसांनी घाम गाळत आणलेलं, पहाडासारखं! आणि खाली चार चाकं!

"वजनदार म्हणालात, हलणारं म्हणालात. दोन्ही दिलं!" सुताराने छाती फुगवली.

माझा 'नको' त्याच्या करवतीने खाल्ला होता! चाकं काढायची तर टेबल उलटं करायला हवं. "सोमवारी बघू," म्हणत सुतार चारही माणसांसकट पसार!

पण माघार घेईन तर शपथ! चाकांपुढे विटा सारल्या, टेबलावर फळी आवळली. "बघ बाळ, पाय रोवायचे. रंधा ढकलायचा, ओढायचा नाही. असा!"

रंधा जागच्या जागी राहिला, टेबल पुढे गेलं!

"आजोबा, विटांचा भुगा!"

"वजन कमी पडतंय!" मी जावयाला टेबलावर बसवलं आणि जीव खाऊन रेटा दिला. जावयासकट टेबल दारातून बाहेर!

"बाबा, थांबवा!"

"हातातलं काम अर्धवट सोडायचं नसतं!" मी रंधा मारत मागे धावलो. ही वरात थेट शिलाई मशीनपाशी जाऊन थांबली. हिने नुसतं घड्याळाकडे पाहिलं.

रविवारी चार वाजता स्टूल उभं होतं. तीन पायांवर! चौथा जमिनीला टेकायचं नाव घेत नव्हता. हिने बोट लावलं. डुग!

मग त्याच बोटाने तिने टेबल मागच्या खोलीत, खिडकीपाशी नेलं. "अहो, कापड बेतायला अगदी नेमकी उंची! आणि ढकलतं किती छान!"

खोली गेली. पण मला हातकामाचीच हौस, हे ती विसरलेली नाही. मशीन ती चालवते, काजं मी करतो. नात शेजारी बसून शांतपणे समजावते, "आजोबा, सुई ढकलायची नाही. ओढायची. अशी!"