काजूच्या काट्यावर रंजना

साखळीच्या काजू वखारीत तीस वर्षं काट्यावर बसणाऱ्या आनंदाने बायकोला त्या काट्यावर उभं करायलाच नको होतं. पण रंजनाची पाळी जाऊन दोन वर्षं झाली, वजन चौऱ्याहत्तरवर जाऊन बसलं आणि शेजारच्या विनिताने पाळी गेलेल्या बायकांसाठीच्या, वजन उतरवायच्या पावडरीचा डबा तिच्या गळ्यात मारला. आठवड्याने रंजना वखारीत हजर.

"बघा, किती भरतंय ती."

"बहात्तर," आनंदा म्हणाला.

रंजनाचा चेहरा असा खुलला की आनंदाला उगीचच स्वतःचा अभिमान वाटला. घरी चहा पिताना त्याच्या ध्यानात आलं. पोत्याचा एक आणि बियांच्या ओलाव्याचा एक, असे दोन किलो त्याने सवयीने वजा केले होते. (बायकोचा ओलावा वजा करणारा नवरा अख्ख्या डिचोलीत दुसरा नसेल.)

सांगू सांगू म्हणता महिना गेला. हुरूप आलेली रंजना रोज सकाळी मयेच्या तळ्याला फेरी मारू लागली. रात्रीचा पाव सुटला. मग एके दिवशी म्हणाली, "एका चमच्यान दोन किलो गेले. उद्यापासून दोन चमचे घेतंय."

रंजनाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या आणि पावडरीबद्दल तिने डॉक्टरांना अवाक्षर सांगितलं नव्हतं. हिला काही झालं तर? आनंदाने तिला तडक दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरीणबाईंसमोर सगळं ओकून टाकलं.

बाईंनी रंजनाला काट्यावर उभं केलं. "एकाहत्तर. चालणं चालू ठेवा. पावडर बंद, या गोळ्यांबरोबर ती नको." मग आनंदाकडे नजर गेली. तोही चढला. शहाऐंशी. (इथे काही वजा झालं नाही.)

बाहेर येताना त्याने बोलणी खायची तयारी ठेवली होती. रंजना म्हणाली, "तुमी चुकलात ता बरा झाला. चौऱ्याहत्तर सांगलां असतां तर मी चलूक गेलंयच नसतंय."

आनंदाला गहिवरून आलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याच्या चुकीचे आभार पहिल्यांदाच कोणी मानले होते. बायको धडधाकट आहे, आणखी काय हवं, असं म्हणत तो घरी पोचला.

रंजनाने उरलेली पावडर दुधात ढवळून पेला त्याच्यासमोर ठेवला.

"अगो, ही पाळी गेलेल्या बायकांसाठी आसा."

"मगे? तुमची खंय चालू आसा?"