रंगोपंत सायाळ समुद्राला निघतात

एका जंगलात, बाळांनो, एक सायाळ राहत होता. बाळांनो म्हटलं म्हणून लाजू नका. टक्कल पडलं, ढेरी सुटली, तरी गोष्ट ऐकताना तोंड उघडं राहतं ना? मग तुम्ही बाळंच. सरकून बसा. त्या मागच्या बाळानं हातातला मोबाईल खाली ठेवावा.

तर सायाळ. नाव रंगोपंत. सिंहाच्या कचेरीत कारकून. महाराजांनी किती हरणं खाल्ली आणि किती नुसतीच डरकाळी फोडून पळवली, याची नोंद ठेवायची, हे काम. पळसाच्या पानावर लिहायचं, जांभळाच्या रसानं लिहायचं. आणि लेखणी? ती अंगावरच! पाठीमागे हात न्यायचा, एक काटा उपटायचा, आई गं म्हणायचं आणि लिहायला बसायचं.

कचेरीच्या कामाला वर्षाला दोन काटे पुरत. तरीही रंगोपंतांची निम्मी पाठ उघडी पडली होती. का म्हणून विचारा.

सहलीचं नियोजन!

त्याचं असं झालं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरीनं, म्हणजे बकुळाबाईंनी, नवऱ्याच्या कानात एकच मागणं मागितलं होतं. "अहो, मला एकदा मोठ्या शहरात न्या. तिथं समुद्र असतो म्हणतात. त्यात पाय भिजवायचेत."

"पुढच्या उन्हाळ्यात," रंगोपंत म्हणाले.

त्या पुढच्या उन्हाळ्यांची संख्या आजमितीला अठरा. दर होळीला रंगोपंत काटा उपटत, यादी करायला बसत. यादी संपायच्या आत पाऊस येई. ओढ्याला पाणी आलं की शहराकडे जाणारी रेड्याची गाडी बंद, ती थेट दिवाळीपर्यंत. मग रंगोपंत यादीची घडी घालत आणि म्हणत, "कच्चं काम तयार आहे. पुढच्या वर्षी नुसतं पक्कं करायचं."

यंदाची होळी मात्र वेगळी निघाली. थोरली चंपी हिचं लग्न ठरलं. मुलगा पलीकडच्या डोंगरावरचा, स्वतःचं बीळ, दोन तोंडांचं. लग्न मार्गशीर्षात.

बकुळाबाईंनी पुरणपोळीचं पान नवऱ्यापुढे ठेवलं आणि तूप वाढायच्या आधी हात थांबवला.

"अहो, ऐका. पोरगी सासरी गेली की माझ्या हातात राहायची नाही. चंपीबरोबर आणि धाकट्या ठकीबरोबर मला या उन्हाळ्यात समुद्रात पाय भिजवायचेत. या उन्हाळ्यात. पुढचा उन्हाळा मला सांगू नका."

"अगं, तूप तरी..."

"आधी हो म्हणा."

"हो."

तूप पडलं. रंगोपंतांनी पोळी खाल्ली, हात धुतले आणि काटा उपटला. आई गं.

पहिली यादी झकास झाली. रेड्याच्या गाडीचं भाडं चौघांचं एकशेसाठ चिंचोके. लॉजचे एकशेऐंशी. खाण्यापिण्याचे दीडशे. हिंडण्याफिरण्याचे एकशेदहा. किरकोळ शंभर. बेरीज सातशे. जंगलात नाणं चिंचोक्याचंच चालायचं हो, तुम्हाला वेगळं सांगायला नको. आणि घरातल्या मडक्यात होते पाचशे.

"दोनशे कमी पडतात," रंगोपंत म्हणाले. "हरकत नाही. यालाच तर नियोजन म्हणतात. लॉज कापू."

"आणि झोपायचं कुठं? वाळूत?"

"दिनकरकडे! नात्यातला माणूस शहरात असताना लॉजवर उतरायचं? लोक काय म्हणतील?"

दिनकर म्हणजे दिनकर घूस. रंगोपंतांच्या मावशीच्या दिराकडून काहीतरी लागायचा. शहरात एका मिठाईच्या दुकानाखाली त्याचं बिऱ्हाड होतं.

"लग्नात त्यानं आपल्याला उपरणं दिलं होतं," बकुळाबाई म्हणाल्या, "अर्धं खाऊन."

पण रंगोपंतांनी कावळ्याबरोबर चिठ्ठी पाठवली. चौथ्या दिवशी उलट टपाल. 'अवश्य यावे. घर तुमचेच आहे. अंथरूण आपापले आणावे. तुम्ही पायधूळ झाडलीत की दिवाळीत आम्ही नऊजण तुमच्याकडे महिनाभर येऊच. कळावे.'

"बघ, किती प्रेम!" रंगोपंत म्हणाले.

बकुळाबाईंनी 'नऊजण' आणि 'महिनाभर' हे दोन शब्द पुन्हा वाचले.

आता बाळांनो, नातेवाइकाकडे रिकाम्या हातानं जाता येतं का? तुमची आई जाते का? तसं रंगोपंतांनाही येईना. दिनकरच्या बायकोला सांडगे, कुरडया, एक पोतं. पोरांना करवंदं, दोन टोपल्या. दिनकरला फणस, कापा. बरका नेला तर वाटेत गळेल. सामानाची किंमत एकशेतीस. एवढं ओझं रेडा फुकट नेईना, म्हणून मालाची वेगळी गाडी, नव्वद.

"अहो," चंपी बोटं मोजत म्हणाली, "म्हणजे आबा, भेटवस्तूंचे दोनशेवीस झाले. लॉजचे एकशेऐंशी होते. चाळीस वाढले की!"

रंगोपंतांनी लेकीकडे अशा किवेनं पाहिलं, की तिचं लग्न ठरलंय यावर विश्वास बसेना.

"वेडे, पण लॉजचे एकशेऐंशी वाचले ना!"

दुसरी यादी. तिसरी यादी. खाण्यातले शंभर कापले. आठ दिवसांच्या दशम्या घरूनच न्यायच्या. ठकीनं विचारलं, "आठव्या दिवशीची दशमी कशानं फोडायची?" तिला गप्प बसवण्यात आलं. हिंडण्याफिरण्यातले नव्वद कापले. समुद्र समोरून बघायचा, बाजूनं बघायला बोटीत बसायचं कारण नाही.

एवढ्यात सदोबा माकड आला. सदोबा शहराला जाऊन आलेला. एकदाच, आणि तोही चुकून, केळ्यांच्या ट्रकमधून. पण जाऊन आलेला तो जाऊन आलेला. तो फांदीवर बसला, शेपटी खाली सोडली आणि म्हणाला, "पंत, खिसेकापूचे धरलेत का?"

"म्हणजे?"

"शहरात खिसा कापतातच. आपण वेगळे दहा चिंचोके वरच्या खिशात ठेवायचे. त्यानं तेवढे घ्यावेत, आपण पुढे जावं. दोघांचाही खोळंबा होत नाही."

रंगोपंतांना हे फार पटलं. त्यांनी काटा उपटला आणि नवा रकाना पाडला, 'खिसेकापू, चिंचोके १०.'

मग ध्यानात आलं, घराकडे कोण बघणार? कोठारात वर्षाचं धान्य. शेजारच्या घोरपडकाकू म्हणाल्या, "मी बघीन. चाळीस घेईन. आणि बघीन म्हणजे नुसतं बघीन हं, ओरडणार नाही." मग ध्यानात आलं, नऊ दिवसांची रजा बिनपगारी. तिचे नव्वद.

वैशाख संपत आला. ओढ्यापलीकडे ढगाची एक चिंधी दिसायला लागली. बकुळाबाई रोज दारात उभ्या राहून तिच्याकडे बघायच्या. चिंधीचा रुमाल झाला. रुमालाचं उपरणं झालं. आणि आत रंगोपंतांची आठवी यादी पुरी झाली. बेरीज झाली सहाशेनव्वद.

अडीच महिने. बेचाळीस काटे. वाचले दहा.

कुणी दुसरा असता तर रडला असता. रंगोपंत मात्र कारकून. ते उठले, ओढ्यावर तोंड धुऊन आले आणि नववी यादी घेऊन बसले. या वेळी त्यांना साक्षात्कार झाला. इतकी वर्षं ते खर्च कापत होते. पण खर्च कोण करतं? माणसं करतात! मग माणूसच कापला तर?

"सापडलं!" ते ओरडले. सगळ्या धावत आल्या. "चौघांऐवजी तिघं गेलो तर बसतं बघा!"

"आणि चौथं?" बकुळाबाईंनी विचारलं.

"चौथं घरी. मी नाव मोकळं ठेवलंय." बोलता बोलता त्यांनी हळूच ठकीकडे बघितलं. ठकी आईमागे गेली.

बकुळाबाई खाली बसल्या. पदर खोचला. "काढा हिशोब. ठकी राहिली तर किती?"

"गाडीभाडं चाळीस वाचेल. पण ती लहान, कोठार राखणार नाही. सहाशेपन्नास."

"चंपी राहिली तर?"

"लग्न ठरलेली पोर एकटी कशी ठेवणार? तिच्या राखणीला पुन्हा काकूच. सहाशेपन्नास."

"मी राहिले तर?"

रंगोपंतांनी मान वर केली नाही. "भाड्याचे चाळीस, काकूंचे चाळीस. सहाशेदहा. पण मग तिथं आम्हाला वाढणार कोण?"

"आणि तुम्ही राहिलात तर?"

काटा चालू लागला. भाडं चाळीस वजा. काकूंचे चाळीस वजा. रजाच नको, नव्वद वजा. तीन वेळचा चहा आणि तपकीर, वीस वजा. रंगोपंतांनी बेरीज केली. पुन्हा केली. उलटी केली. मग काटा खाली ठेवला.

"किती?" चंपीनं विचारलं.

"पाचशे," रंगोपंत म्हणाले. आवाज जरा बारीक आला. "बरोब्बर पाचशे."

बकुळाबाईंनी मडकं काखेत घेतलं.

"अगं, पण मी... म्हणजे मीसुद्धा अठरा वर्षं..."

"हिशोब चुकलाय का?"

बाळांनो, इथं खोटं बोलायची संधी होती. तुम्ही बोलला असता. पण रंगोपंतांनी जन्मात आकडा खोटा लिहिला नव्हता. त्यांनी यादीकडे पाहिलं. इतकी देखणी यादी त्यांच्या हातून कधी उतरली नव्हती. एक चिंचोका इकडे नाही की तिकडे नाही.

"चुकलेला नाही," ते म्हणाले आणि मोकळ्या जागेत स्वतःचं नाव लिहिलं. खाली सहीसुद्धा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेड्याची गाडी निघाली. मागे मालाची गाडी. तिच्यात फणस सगळ्यांत ऐटीत बसला होता. रंगोपंत वडापर्यंत पोचवायला आले. गाडी वळली तेव्हा ते हात हलवत धावले आणि ओरडले, "पावत्या आणा! पावत्या!"

नऊ दिवस त्यांनी कोठार राखलं. दशम्या खाल्ल्या. दहाव्या दिवशी पावसाच्या चारच तास आधी गाडी परत आली. तिघी उतरल्या. नाकं उन्हानं सोललेली, पायांना वाळू, आणि ठकीला तर हसू आवरेना.

बकुळाबाईंनी मडकं नवऱ्यापुढे ठेवलं. "एकशेचाळीस उरलेत. मोजून घ्या."

"उरले?" रंगोपंतांचे डोळे मोठे झाले. "उरले! बघा! नियोजन!"

"हो तर," बकुळाबाई म्हणाल्या.

खरं काय झालं होतं ते तुमच्यापुरतं सांगतो. रंगोपंतांना सांगू नका. शहरात उतरल्या उतरल्या बकुळाबाईंनी दिनकर घुशीचं घर लांबून पाहिलं आणि तिथूनच नमस्कार केला. मग रस्त्याकडेला पदर पसरून पोतं सोडलं. जंगलातले सांडगे, कुरडया, डोंगरची करवंदं! शहरातल्या बाया तुटून पडल्या. जे दिनकरची पोरं एका बैठकीत फस्त करणार होती, त्याचे तासाभरात चारशे चिंचोके आले. फणस तेवढा विकला नाही. तो तिघींनी लॉजच्या गच्चीवर बसून खाल्ला. मग बोटीत बसल्या. समुद्र समोरून पाहिला, बाजूनं पाहिला, आतून पाहिला. बकुळाबाईंनी पाय भिजवले ते गुडघ्यापर्यंत. दोन्ही बाजूंना दोन लेकी, मध्ये त्या. लाट आली की तिघी एकदम ओरडायच्या. खिसेकापू काही भेटला नाही. त्याच्या दहा चिंचोक्यांची भेळ खाल्ली.

"आबा, तुमच्यासाठी आणलंय," ठकी म्हणाली आणि तिनं बापाच्या हातात एक शंख ठेवला. "कानाला लावा. समुद्र ऐकू येतो."

रंगोपंतांनी शंख कानाला लावला. ऐकत राहिले. खूप वेळ ऐकत राहिले. डोळे मिटले, मिटलेल्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. चंपीलाही भरून आलं. बकुळाबाईंनी त्यांच्या उघड्या पाठीवर हात ठेवला.

रंगोपंतांनी डोळे उघडले.

"हा कितीला पडला?"

"फुकट," ठकी म्हणाली. "वाळूत पडला होता."

"फुकट!" रंगोपंत ताडकन उठले. "अगं, मग एवढा खर्च करून तिघी तिकडे गेलात कशाला? हा एकच मागवून घेतला असता, तर घरबसल्या समुद्र झाला असता!"

बकुळाबाईंनी शंख त्यांच्या हातातून घेतला, पुसला आणि कोनाड्यात ठेवला.

"खरंय तुमचं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तसंच करू. तुम्ही मागवा. आम्ही आणायला जाऊ."

रंगोपंतांना हे इतकं पटलं की त्यांनी लगेच पाठीमागे हात नेला. आई गं.

तात्पर्य : प्रत्येक घरात काटेकोर नियोजन करणारा एक तरी माणूस असलाच पाहिजे. नाहीतर बाकीचे सहलीला गेल्यावर घर कोण राखणार?