काळुरामची उंबरभक्ती

शिमग्याच्या आत आपल्या अंगणात चाळ उभी राहणार, नाही राहिली तर काळुराम नाव लावणार नाही, असं काळुरामने गावभर सांगून टाकलं होतं. त्याचं घर डोंबिवली स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, आणि मुंबईचे कारकून तेव्हा बिऱ्हाडासाठी दारोदार फिरत होते. बापजाद्यांनी मिठागरात पाय झिजवले, आपण आता ओट्यावर बसून मालक व्हायचं, असा त्याचा साधा बेत होता.

बेताच्या आड एक काठी आली.

वैशाखात लेकीचं, लक्ष्मीचं लग्न झालं. मांडवाची मुहूर्तमेढ म्हणून काळुरामनेच उंबराची हिरवी फांदी तोडून अंगणाच्या मधोमध रोवली होती. लक्ष्मी टिटवाळ्याला सासरी गेली, मांडव उतरला, पण मेढ काढायची राहिली. मग पाऊस आला, लावणी आली. भाताच्या कामातून डोकं वर काढून बघतो तर मेढीला पालवी!

काळुराम बघतच राहिला. वरून छाटलेली, खालून तासलेली फांदी. तोडताना तिचा चीक त्याच्याच हातावर गळला होता. ती मेली, असं तो धरून चालला होता आणि इथे तर तिने पानं काढली होती. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. मग चाळ आठवली आणि काटा बसला.

"उपटतो," तो म्हणाला.

"उंबर हाय तो, दत्ताचं झाड," त्याची बायको आवडाबाई म्हणाली. "त्यात लेकीची मेढ. हात लावून तर बघा."

उंबर तोडायचा नसतो हे काळुरामलाही मान्य होतं. पण तो आपणहून वाळला, तर पाप कुणाचं? मिठागरात गवताचं पातंही उगवत नाही, हे तो जन्मापासून बघत आला होता. दुपारी घर झोपलं की तो तांब्याभर पाण्यात मूठभर खडेमीठ विरघळवायचा आणि अंगणात यायचा. कुणी बघितलंच तर असावा म्हणून उगाच एक नमस्कार करायचा नि पाणी बुंध्याशी ओतायचा.

बघत होती शेजारची सखुबाई. एका गुरुवारी ती थेट समोर येऊन उभी राहिली आणि तिने ओंजळ पुढे केली. "तीर्थ दे."

नाही तरी कसं म्हणणार? काळुरामने चमचाभर दिलं. सखुबाईने ते तोंडात घेतलं आणि तिचा चेहरा आक्रसला. काळुरामने तांब्या पाठीमागे लपवला.

"हे तं खारं हाय. खाडीचं पानी." तिचे डोळे भरून आले. "एवढ्या उन्हात देवासाठी खाडीवर जातोस? नि कुणाला बोलला पण नाय?"

"जमेल तसं जातो," काळुराम म्हणाला. दुसरं काय म्हणणार बिचारा?

झालं. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बाया भरती बघून खाडीवरून कळशा आणू लागल्या. दर गुरुवारी आरती होऊ लागली. काळुरामपेक्षा वडील असलेले गोपीनाथ पाटील येऊन त्याच्या पाया पडून गेले. झाडाची पानं पिवळी पडू लागली. आपलं काम लोकच परस्पर करताहेत म्हणून काळुराम मनातून सुखावला, आणि दिवाळीनंतर पाया खणायला यायला धोंडीबा गवंड्याला सांगून आला.

पहिल्या दिवाळसणाला लक्ष्मी माहेरी आली. घरात न शिरता आधी मेढीपाशी गेली.

"बाबा, ही पानं का टाकते?"

"असंल काय तरी."

"तिकडं मला करमायचं नाय ना, तवा मी हिची आठवण काढायची," लक्ष्मी म्हणाली. "तोडलेली फांदी जगली, मी तर अख्खी हाय. हिला काय झालं तर मी कुनाकडं बघू?"

दुपारी घर झोपल्यावर काळुराम अंगणात आला, पण रिकाम्या हाताने. बुंध्याशी बसून बोटांनी माती उकरू लागला. वरची माती मिठाने पांढरी झाली होती. खाली सुतळीएवढं एक मूळ होतं. खाऱ्या मातीला बगल देऊन, एका दगडाला वळसा घालून ते परसातल्या विहिरीच्या दिशेने निघालं होतं. या फांदीला मूळ नव्हतंच. ते तिने आणलं कुठून? विहीर कुठे आहे हे तिला सांगितलं कुणी? काळुरामने हात जोडले, आणि या वेळी कुणी बघतंय का हे बघायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

मग त्याने खारी माती काढून शेतातली माती घातली. खाडीच्या कळशा बंद करवल्या आणि रोज स्वतः विहिरीचं पाणी शेंदून घालू लागला. पाया आखायला धोंडीबाने दोरी धरली ती नेमकी उंबरावरून गेली.

"सरकव," काळुराम म्हणाला.

"एक खोली जाईल, शेठ."

"जाऊ दे."

शिमग्याला चाळ उभी राहिली, एक खोली कमी. आणि उंबराला कोवळी तांबूस पानं फुटली. लक्ष्मीला तसा निरोप गेला. काळुराम रोज पानांवरून हात फिरवायचा आणि लहान मुलासारखा हरखायचा.

त्याला पाणी घालताना बघून सखुबाई कुंपणापलीकडून आवडाबाईला म्हणाली, "माणूस किती बदलला गं तुझा. आधी एवढ्या लांबून, खाडीवरून आणायचा. आता मालक झाला, चाळ झाली, तर देवाला नुसतं विहिरीचं पानी. भक्ती आटली बाई त्याची."